तिसऱ्या हाकेआधी

लिंडेन फॉल्स, विस्कॉन्सिन
४ फेब्रुवारी २०१२

चि. अनिरुद्धास अनेक आशीर्वाद.

अत्यंत खेदपूर्वक कळवण्यात येते की अमेरिकेच्या यादवी युद्धात मी जखमी झालो. उजवीकडची खालची दाढ, मागून दुसरी. आपल्या गावच्या रेजिमेंट मंडळाने संस्थापना दिनानिमित्त यंदाही १८६२ सालच्या कृतीने शिपाई-बिस्किटं भाजली. साहित्य : पीठ, पाणी, मीठ आणि बहुधा सिमेंट. मंडळाचा इतिहासलेखक म्हणून पहिला घास घेण्याचा मान माझा. विक्सबर्गच्या वेढ्यात आपल्या गावच्या पोरांनी हीच बिस्किटं बंदुकीच्या दस्त्याने फोडून कॉफीत भिजवून खाल्ली होती. मी कॉफी येईपर्यंत थांबलो नाही. शौर्य म्हणतात ते हेच असावं.

माझं नाव जखमींच्या यादीत घ्यावं, असा रीतसर अर्ज मी चिटणीस ग्लेनकडे केला. ग्लेन निवृत्त विमा एजंट आहे, हे तुला आठवत असेल. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"टिम, जखम युद्धात व्हावी लागते."

"बिस्किट युद्धातलंच आहे की."

"पण तू नव्हतास ना युद्धात."

दंतवैद्य तर म्हणाला, कारण बिस्किट नव्हे, वय. म्हणजे त्यालाही फितवलेलं आहे. वाईच्या पाठशाळेत आम्ही लक्षणाचे दोष घोकले होते. एखाद्या शब्दाची व्याख्या इतकी अरुंद करायची की जो आत यायला हवा तोच बाहेर राहतो, ती अव्याप्ती. त्र्यंबक ओगल्यांची, म्हणजे इथल्या टिमची, दाढ हे अव्याप्तीचं उत्तम उदाहरण आहे, पण या गावात न्यायशास्त्र कोणाला येत नाही.

थंडी उणे वीस. तळ्यावर मासेमारीच्या झोपड्या उभ्या राहिल्या आहेत. मंडळाचा अध्यक्ष ऑर्विल टॉर्गरसन नव्वदाव्या वर्षी स्वतः ट्रक चालवत बर्फावर जातो आणि गाव खिडकीतून बघत बसतं. गेल्या आठवड्यात मी मंडळापुढे भाषण दिलं. विषय : आपली कंपनी तीच कशी? १८६१ साली गावातल्या पोरांनी ही सैनिकांची तुकडी उभी केली. पुढे रेजिमेंटचा नंबर तीनदा बदलला, एकदा पायदळाचा तोफखाना झाला, पुन्हा पायदळ झालं, आर्मरी, म्हणजे तिचं शस्त्रागार, बंद पडून त्याचा आमचा हॉल झाला आणि कंपनी चाळीस मैलांवरच्या शहरात गेली. तरीही वॉशिंग्टनहून आलेल्या, भिंतीवर चौकटीत लावलेल्या कागदानुसार विक्सबर्ग, फ्रान्स, न्यू गिनी आणि इराक इथे गेली ती एकच कंपनी. मी त्यांना सांगितलं, आमच्यात याला गोत्र म्हणतात. माणसं बदलतात, गाव सुटतं, धंदा बदलतो, गोत्र तेच राहतं.

ऑर्विल मागच्या बाकावरून म्हणाला, "म्हणजे घोड्यांची पैदास लिहून ठेवतात तसं?"

"जवळपास. फक्त घोड्याला श्राद्ध घालत नाहीत."

"मग नीट सांग की. उगाच अर्धा तास घेतलास."

भाषण यशस्वी झालं असं मी धरून चालतो.

तुझा फोन बंद लागतो. पत्रं मात्र परत येत नाहीत, त्यावरून पोचतात असं अनुमान काढलं आहे. मोंटानातल्या त्या पोस्टातल्या बाई कर्तव्यदक्ष असाव्यात. नोव्हेंबरात कोडी गेल्याचं कळवलं होतं, तेही पोचलं असेल. उत्तराची घाई नाही.

हो, आणखी एक. रेजिमेंटच्या इतिहासात १९४५ नंतरची पानं मी कोरी ठेवली आहेत. इराकहून येऊन तू मोंटानाला जाताना सांगितलंस, "माझ्यावर एक ओळसुद्धा लिहायची नाही, बाबा." लिहिलेली नाही.

तुझा,
बाबा


११ मार्च

चि. अनिरुद्धास आशीर्वाद.

दाढ बसवली. परकी वाटते, पण चावते. या देशात आलो तेव्हा माझ्याबद्दलही लोकांचं हेच मत होतं.

शुक्रवारी नेहमीप्रमाणे माजी सैनिकांच्या लीजन क्लबात तळलेली मासळी खायला गेलो. लोइस ड्रेगर येऊन समोर बसली. तिचा कोडी गेल्यापासून ती शाळेच्या स्वयंपाकघरात जाते आणि घरी येते, तिसरीकडे कुठे दिसली नव्हती. बशीतला कोबी तिने इकडून तिकडे केला, तिकडून इकडे केला.

"टिम, तुमच्या त्या हजेरीत नाव यायला काय लागतं?"

"मरावं लागतं," मी म्हणालो आणि जीभ चावली. सवयीने विनोद करणाऱ्या माणसाला कधीतरी कोणीतरी थोबाडीत द्यायला हवी. लोइसने दिली नाही. ती हसली.

"तेवढं त्याने केलंय," म्हणाली.

नंतर बराच वेळ आम्ही दोघांनी मासळी खाल्ली.

तिचं म्हणणं असं : मेमोरियल डेच्या, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनाच्या, हजेरीत कोडीचं नाव पुकारलं जावं. लहानपणी तू या हजेरीला बाकावर झोपायचास, म्हणून पुन्हा सांगतो. पुनरुक्ती हा दोष आहे, पण मास्तराला माफ आहे. कंपनीच्या मृतांची नावं एकेक करून पुकारतात आणि प्रत्येकाच्या वतीने कोणी जिवंत माणूस 'हजर' म्हणतो. पुढे ते काम घरचे लोक चालवतात. घरचं कोणी उरलं नाही तर गावातलं कोणीतरी ते नाव उचलतं. एलर्ट ट्वेटच्या वतीने 'हजर' म्हणणारी म्हातारी गेली तेव्हा ऑर्विलनेच मला गाठलं होतं : "तुम्ही लोक मेलेल्यांना जेवू घालता ना? मग हा घे." एलर्ट नॉर्वेहून आला, एकोणिसाव्या वर्षी मेंफिसच्या छावणीत हगवणीने गेला, बंदूक एकदाही झाडली नाही. आमचं चांगलं जमतं.

पण नवीन नावाचा नियम वेगळा. पहिल्या वर्षी घरच्यांचं उत्तर चालत नाही. ज्याने कंपनीत त्याच्याबरोबर नोकरी केली त्यानेच 'हजर' म्हणायचं, म्हणजे हा आमचा होता अशी कंपनीची साक्ष झाली. तीनदा हाक मारतात. तिसरीलाही उत्तर नाही आलं, तर ते नाव पुन्हा कधीच पुकारत नाहीत. आजवर असं एकदाच झालं. तो पळपुटा होता, आणि त्याचे भाऊबंद पुढच्याच हिवाळ्यात घर विकून आयोवाला निघून गेले.

"नाव घेतील?" लोइसने विचारलं.

"ऑर्विल नको म्हणेल."

"ऑर्विलला मी बघते. आणि घेतलं, तर उत्तर रूडी देईल ना?"

मी म्हणालो, अनिरुद्ध लांब आहे.

"पण इराकात एका ट्रकमध्ये होते दोघं. वर्षभर. कोडीच्या प्रत्येक फोनमध्ये रूडी असायचा. रूडीने असं केलं, रूडीने वाळूत पोळ्या भाजल्या..."

वाळूतल्या पोळ्या मला ठाऊक नव्हत्या. विचारत नाही. कळवतो फक्त.

तुझा,
बाबा


१५ एप्रिल

चि. अनिरुद्ध,

बर्फ वितळलं. ऑर्विलचा ट्रक तळ्यात गेला नाही, गावाची निराशा झाली.

काल मंडळाची बैठक झाली. आम्ही पाच जण, शिवाय लोइस. तिला बोलावलं नव्हतं. तीच कॉफीचं मोठं भांडं घेऊन आली, त्यामुळे बाहेर कोण काढणार?

ग्लेनने नियम वाचला. 'युद्धसेवेत मृत्यू पावलेले.' वाचून चष्मा काढला. तो वाईट माणूस नाही. त्याला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की तो नियम आणखी मोठ्याने वाचतो.

ऑर्विल म्हणाला, "पोरगं चांगलं होतं. माझ्या छपराचं बर्फ काढायचं. पण ते घरी परत आलं, लोइस. घरी आलेल्यांची हजेरी नसते. मीही घरी आलोच की."

मग मी यादवी युद्धाची हजेरी काढली. बेचाळीस नावं. त्यात गोळीने गेलेले अकरा. बाकीचे हगवण, गोवर, विषमज्वर. एकाला खेचराने लाथ मारली. एक, लढाई संपल्यावर, परतीच्या बोटीवरून दारूच्या नशेत नदीत पडला. आणि लूकस बाउअर तर घरी पोचला होता. आईच्या घरात, स्वतःच्या खाटेवर, वर्षभर तापाने फणफणून गेला. त्याचं नाव आपण दीडशे वर्षं पुकारतोय.

ऑर्विल म्हणाला, "तो ताप तिकडचा होता. दलदलीतला. न्यू गिनीत मलाही झाला होता, मला शिकवू नकोस."

"हाही तिकडचाच," लोइस म्हणाली.

कॉफीच्या भांड्याजवळ ती पाठमोरी उभी होती. वळली नाही.

"तिकडूनच घेऊन आला तो. मरायला तेवढा घरी आला."

मतदान झालं. ग्लेन आणि आणखी एक विरुद्ध, मी आणि आणखी एक बाजूने. अध्यक्षाचं मत उरलं. ऑर्विलने टोपी काढली, आतलं अस्तर तपासलं, परत घातली.

"मला हे पसंत नाही. पण एका आईला या खोलीतून नाही म्हणून बाहेर काढायचं माझं वय गेलं. पुकारा. मात्र नियम सगळे लागू. उत्तर त्याच्याबरोबर नोकरी केलेल्यानेच द्यायचं. उगीच कोणी शेजारीपाजारी उभा राहिला तर मी चालवून घेणार नाही. टिम, तूसुद्धा नाही."

"माझ्याकडे एलर्ट आहे," मी म्हटलं.

"तेवढा पुरे तुला."

कोडीबरोबर नोकरी केलेले आपल्या गावचे दोघेच, तू आणि ब्रेंट. बाकीची कंपनी त्या शहराची, ती आपल्या हॉलवर कधी येत नाही. ग्लेनने तिकडच्या कार्यालयाला फोन केला. त्या दिवशी त्यांचं स्वतःचं संचलन आहे म्हणाले. ब्रेंट पुन्हा बाहेर, या वेळी अफगाणिस्तानात आहे. लोइसने त्याला कळवलं. त्याने लिहिलं, रजा मिळणार नाही, पण फोनवरून 'हजर' म्हणू का? ग्लेनने मंडळाची घटना चाळली. घटना १८६६ सालची. तिच्यात टेलिफोनची तरतूद नाही.

म्हणजे उरलास तू. हे मी सांगत नाही, गणित सांगतंय.

बाबा


९ मे

चि. अनिरुद्ध,

लायलॅक फुलला. तुझ्या आईने लावलेला. मागच्या वर्षी मी छाटला तेव्हा मेला असं समजून चाललो होतो.

हजेरी २८ तारखेला, सोमवारी, सकाळी दहा वाजता. केवळ माहितीसाठी : तिकडच्या मिसूलाहून पूर्वेला बस रोज सुटते. दोन ठिकाणी बदलावी लागते. तिसऱ्या ठिकाणी मी गाडी घेऊन उभा राहू शकतो. हेही केवळ माहितीसाठी. तिकडे तुम्ही झाडं तोडता की रस्ते बांधता, मला नीट ठाऊक नाही, आणि हंगामाच्या मधोमध रजा मिळते का, तेही नाही. ये असं मी म्हणत नाही. न आलास तरी माझी तक्रार नाही. तुझ्या नकाराची कारणं मला ठाऊक नाहीत, पण ती असणार, एवढं मी मानतो.

काल लोइसकडे रूबार्बचे आंबट देठ द्यायला गेलो होतो. परड्यात तण माजलंय. कोडीच्या खोलीचं दार उघडं ठेवते, म्हणाली बंद दार बघवत नाही. पुष्कळ बोलली. त्याच्या शेवटच्या महिन्यांबद्दल बोलली. ते सगळं लिहीत नाही. एक गोष्ट विशेष लक्षात राहिली, तीही या पत्रात लिहीत नाही.

निघताना विचारलं तिने, "रूडीचं काही?"

मी म्हणालो, टपाल हळू असतं.

ती म्हणाली, "मोंटाना काय चंद्रावर आहे का, टिम?"

दाढ ठीक आहे.

बाबा


२९ मे

अनिरुद्ध,

काल हजेरी झाली.

सगळं क्रमाने सांगतो, कारण क्रम सोडला तर मी मध्येच थांबेन.

हॉल भरला होता. खिडक्या उघड्या होत्या आणि बाहेर बँडची पोरं ट्रंपेट पुसत होती. ऑर्विल पहिल्या रांगेत, १९४१ सालचा कोट घालून. तो अजून बसतो, एवढाच त्याला अभिमान. लोइस तिसऱ्या रांगेत, खिडकीकडच्या टोकाला. माझ्या शेजारची खुर्ची मी टोपी ठेवून राखली होती. दोघातिघांनी विचारलं, कोणी येतंय का? मी म्हटलं, टोपी बसलीय.

यादवी युद्धाची नावं झाली. एलर्टच्या नावाला मी 'हजर' म्हणालो. लूकस बाउअरला त्याच्या बहिणीच्या पणतवंडांपैकी कोणीतरी उत्तर दिलं. मग फ्रान्स. मग न्यू गिनी. त्यातल्या बहुतेकांना ऑर्विलच उत्तर देतो, कारण दुसरं कोणी उरलेलं नाही. बसल्या बसल्या, एकापाठोपाठ एक, हजर, हजर, हजर, जणू अख्खी पलटण त्याच्या कोटात आहे.

मग ग्लेनने कागद बदलला.

"ड्रेगर, कोडी."

लोइसने ग्लेनकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं. मग मीही पाहिलं. खोटं कशाला सांगू, सकाळपासून मी दुसरीकडे पाहतच नव्हतो. दारात उन्हाचा पट्टा होता आणि कोणाचं तरी कुत्रं होतं.

"ड्रेगर, कोडी."

ग्लेनने दुसरी हाक हळू मारली. हाका लांबवता आल्या तर बरं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. बँडवाल्यांनाही काय चाललंय ते कळलं असावं. त्यांनी पुसणं थांबवलं. लोइसने पर्स उघडली, काही काढलं नाही, बंद केली. मी उठणार होतो. ऑर्विलने मला बजावलं होतं, तरी उठणार होतो, आणि उठून काय म्हणणार होतो देव जाणे. तिसऱ्या हाकेसाठी ग्लेनने श्वास घेतला.

खुर्ची सरकली. पहिल्या रांगेतली.

नव्वद वर्षांच्या माणसाला उभं राहायला वेळ लागतो. त्याने हात समोरच्या कठड्यावर ठेवला, मग दुसरा, मग गुडघे सरळ केले. कोणी मदतीला गेलं नाही. ऑर्विलला मदत करायची नसते.

"हजर," ऑर्विल म्हणाला.

ग्लेन गोंधळला. "ऑर्विल, तुम्ही... म्हणजे, त्याच्याबरोबर नोकरी केलेल्याने..."

"मग?"

"तुम्ही त्याच्याबरोबर कुठे होतात?"

"कंपनीत."

"तुम्ही न्यू गिनीला होतात हो. तो इराकला."

"कंपनी तीच की नाही?" ऑर्विलने मान वळवली. "टिमला विचार. हिवाळ्यात अर्धा तास डोकं खाल्लंन आमचं. काय रे टिम, तीच की नाही?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. माझं भाषण कोणी ऐकलं नव्हतं अशी माझी खात्री होती. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "भिंतीवरच्या त्या कागदाप्रमाणे तीच."

"झालं तर," ऑर्विल म्हणाला. "कंपनी तीच, म्हणजे मी त्याच्याबरोबर होतो. लिही."

ग्लेनने लिहिलं. ग्लेनला नियमाप्रमाणे लिहायला मिळालं की तो सुखी असतो. खाली मान घालून लिहिताना त्याने नाक ओढलं.

लोइस रडली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि रूबार्बच्या वड्या कापायला लागली, सगळ्या एकसारख्या चौकोनी. पुढच्या वर्षापासून 'हजर' तीच म्हणेल.

नंतर बाहेर पायऱ्यांवर ऑर्विल बसला होता. मी कॉफी नेऊन दिली.

"म्हणजे मत बदललं तुमचं?"

"मुळीच नाही. अजून तेच आहे. घरी आलेल्यांची हजेरी नसते." कॉफी प्याला. "पण आपल्या कंपनीतल्या माणसाला नावाने हाक मारली आणि कोणी तोंड उघडलं नाही, असं मी असेतो होणार नाही. मत वेगळं, हे वेगळं."

न्यायशास्त्रात याला काय म्हणतात मला माहीत नाही. बहुतेक काहीच म्हणत नाहीत.

मग त्याने विचारलं, "तुझा पोरगा कुठाय?"

"मोंटानात."

"तो पत्ता झाला. मी विचारलं, कुठाय?"

ऑर्विलने दुसरी हाक मारली नाही. पेला माझ्या हातात दिला आणि ट्रककडे गेला.

आता ती गोष्ट, जी ९ मेच्या पत्रात लिहिली नाही. लोइस म्हणाली, ऑगस्टपासून कोडीने फोन घेणं सोडलं होतं. एकाच घरात राहून चिठ्ठ्यांना उत्तरं देईनासा झाला होता. ती म्हणाली, "मला वाटलं, मोठा पोरगा आहे, त्याची कारणं असतील. त्रास नको द्यायला. बोलेल आपणहून. मी समजूतदारपणा केला, टिम."

मी रूबार्बची जुडी हातात घेऊन तिथे उभा होतो, आणि तुला लिहिलेली सगळी पत्रं मला आठवली. उत्तराची घाई नाही. विचारत नाही. केवळ माहितीसाठी. तक्रार नाही. त्याची कारणं असतील.

माझी काळजी हजेरीची नव्हती. कोडीच्या नावाला उत्तर मिळालं नसतं तर वाईट वाटलं असतं, पण मी जगलो असतो. मला काळजी आहे ती तू जिवंत आहेस का, याची. सप्टेंबरात गेलास, त्यानंतर तुझा एक शब्द माझ्याकडे नाही. पत्रं परत येत नाहीत, हा तू असल्याचा पुरावा होत नाही. पत्रं पोस्टाच्या खणातही पडून राहतात. पोचतात हे अनुमान मी फेब्रुवारीतच केलं होतं आणि चूक आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मला भीती वाटते. कोडी तुझ्याच ट्रकमध्ये होता. तो जे तिकडून घेऊन आला आणि ज्यापायी त्याने स्वतःचा जीव घेतला, ते तूही आणलं असशील, ही भीती. रात्रंदिवस तीच आहे, बाकी दाढ आणि बिस्किटं उगीच.

मी गुरुवारी निघतो. पोस्टातल्या बाईंना गाठेन. त्या तुझा ठावठिकाणा सांगणार नाहीत, नियम असेल. मग मी त्यांच्या पायरीवर बसेन. मी काही विचारणार नाही असं या वेळी म्हणत नाही. विचारणार आहे. उत्तर नसेल द्यायचं तर शिव्या दे, दार लाव, परत पाठव. पण दाराशी तू यायचंस.

हे पत्र मी पोचण्याआधी मिळालं, तर फोन उचल. बोलू नकोस वाटलं तर. नुसतं 'हजर' म्हण.

एलर्टच्या वतीने ते मी मरेपर्यंत म्हणेन. तुझ्या वतीने मला म्हणायला लावू नकोस.

बाबा